उंबराचं पाणी कुठल्या अध्यायात?

बायबलवरच्या वादात आमच्या गावठाणात मला आजवर कोणी हरवलेलं नाही. छाती ठोकून सांगतो. आता लगेच हेही सांगून टाकतो, की वाद जरा तापला की मी चहा बघायला आत जातो आणि दोन्ही पार्ट्या दमल्या की कप घेऊन बाहेर येतो. शिवाय बायबल मी पुरतं वाचलेलं नाही. सातवीला दोनदा बसलो, दोनदा उठलो, आणि विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर म्हणून चिकटलो. तिथं मशीन खोलून आत काय आहे ते बघायची खोड लागली. ती रिटायर झाल्यावरही गेली नाही. आता मशीन नाही, तर माणसं खोलतो.

दर शुक्रवारी पाच वाजता तेरेजा टीचरच्या ओट्यावर आमचं बायबलवाचन असतं. बाहेर चपला साठतात, तसे आत किस्से साठतात. जाताना कोण कोणाची घालून गेला त्याचा पत्ता नाही. म्हणून यातला एखादा किस्सा तुम्ही दुसऱ्या कोणाच्या पायात बघितला, तर ओरडू नका. मूळ माल आमचा.

*

आधी हे वाचन सुरू कसं झालं ते सांगतो, कारण भक्तीने ते सुरू झालेलं नाही.

अंधेरी पूर्वेला मेट्रोच्या खांबांमागे आमचं गावठाण दडलंय. आम्ही इथले जुने कॅथलिक, घरात मराठी, देवळात मराठी. माझ्या शेजारी बस्त्याव राहतो. पस्तीस वर्षं बस चालवली. बायको जाऊन नऊ वर्षं झाली. एकुलती एक मुलगी, ग्रेस. ती एका लॅबमध्ये नोकरीला आहे, मुलुंडला मैत्रिणींबरोबर राहते. तिकडे ती एका प्रार्थना हॉलमध्ये जायला लागली. ते लोक बायबलमध्ये लिहिलंय तेवढंच मानतात. मूर्ती नाही, मेणबत्ती नाही, वाडवडलांची रीत तर अजिबात नाही.

मग तिचं लग्न ठरलं, हॉलमधल्याच एका मुलाशी. मुलगा चांगला होता, बस्त्यावने बघून पसंत केला. हॉलमध्ये लग्न करायलाही बस्त्याव कुरकुरत का होईना, तयार झाला. अडलं ते पाण्यावर.

आमच्यात लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बँड लावून विहिरीवर जातात, मेणबत्ती लावतात, घागर भरून आणतात आणि सकाळी त्या पाण्याने नवरीला आंघोळ घालतात. याला म्हणायचं उंबराचं पाणी. उंबराचं का, ते विचारू नका. आमच्या विहिरीजवळ उंबर नाही, आणि कधी होता असं कोणाला आठवतही नाही. बस्त्यावच्या बहिणीच्या वेळी त्याच्या बापाने स्वतः घागर आणली होती. ग्रेसची घागर आपण आणायची, हे ती जन्मली त्या दिवसापासून याच्या डोक्यात.

ग्रेस म्हणाली, "पप्पा, हे देवाच्या वचनात कुठं आहे ते दाखवा. दाखवलंत, तर पाणी आणा. नाही दाखवलंत, तर नको."

बस्त्याव म्हणाला, "पाणी नाही तर बाप पण नाही. कर माझ्याशिवाय लग्न."

बापलेक दोघंही एकाच मातीचे. शब्द बाहेर पडले आणि दोघंही त्यात अडकले. तेव्हा नोव्हेंबर चालू होता, लग्न ईस्टरनंतर.

त्या संध्याकाळी बस्त्याव माझ्याकडे आला, बगलेत घरचं जाडजूड बायबल. त्याच्या लग्नात मिळालेलं, शोकेसमध्ये ठेवलेलं. उघडलं तर आतून आधी ग्रेसचा लसीकरणाचा कागद निघाला. मग झावळ्यांच्या रविवारच्या वाळक्या झावळीचे क्रूस, चार. मग गॅसचं जुनं कार्ड, जे हरवलं म्हणून तो आठ दिवस ऑफिसात खेटे घालत होता. मग बायकोचा पासपोर्ट साइज फोटो. तो त्याने खिशात टाकला.

मी म्हटलं, "बस्त्याव, यात सगळं आहे रे, फक्त वाचलेलं पान नाही."

तो जराही लाजला नाही. म्हणाला, "एवढं सगळं सापडलं ना यात? मग पाणी पण सापडेल."

*

वाचायचं कसं ते दोघांनाही येईना, म्हणून आम्ही तेरेजा टीचरकडे गेलो. टीचरनी गावठाणातल्या तीन पिढ्यांचे कान पिळलेत, माझे सोडून. मी त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, म्हणून वाचलो. त्यांनी अट घातली. वचन शोधायला वाचायचं नाही, पहिल्या पानापासून रीतसर वाचायचं.

बस्त्याव निळी पेन्सिल घेऊन बसला. पहिल्याच पानावर, जग अजून झालेलं नाही, सगळीकडे अंधार, आणि देवाचा आत्मा पाण्यावर. बस्त्यावने पाण्याखाली रेघ मारली आणि आमच्याकडे असं बघितलं, जसं काही केस इथंच संपली.

पुढे नोहाचा पूर आला. याने अख्खं पान निळं केलं. मी म्हटलं, पाणी भरपूर आहे, पण बँड कुठंय? तर म्हणतो, जनावरं दोन-दोन करून चाललीत, ती वरात नाही तर काय?

टीचर चष्म्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, "बस्त्याव, तुम्ही पुस्तक वाचत नाही, त्याच्याकडून जबानी लिहून घेताय."

"टीचर, पुढचं पाणी कुठल्या पानावर?"

समुद्र दुभंगला, इस्राएल लोक कोरड्या पायांनी पार गेले, त्यांच्यामागून इजिप्तच्या राजाची फौज आत शिरली, आणि पाणी परत मिटलं. बस्त्यावने तिथंही पेन्सिल टेकवली. मी म्हटलं, इथं नको रे मारूस. या पाण्याला गेलेल्यांपैकी घरी कोणी आलेलं नाही.

त्याने थोडा विचार केला आणि खोडरबर मागितला.

*

तिसऱ्या शुक्रवारी सावंत आला. सावंत मूळचा मालवणकडचा, बाप गिरणीत होता, हा स्वतः दिंडोशीच्या कोर्टात पट्टेवाला म्हणून रिटायर झाला. देव्हाऱ्यात गणपती, दारात तुळस, आणि आमच्या वाचनाला आमच्याआधी हजर. पहिल्या दिवशी टीचरच्या हातच्या तळलेल्या, गोल फुगियांसाठी आला असेल. दुसऱ्या दिवसापासून प्रश्न विचारायला यायला लागला.

मला राहवतंय का? म्हटलं, याला जरा गोंधळात पाडू. त्याला सांगितलं, सावंत, ख्रिस्त कबरीतून उठला, हे येशूचं चरित्र लिहिणाऱ्या आमच्या चौघांनी लिहून ठेवलंय. पण एक म्हणतो कबरीवर दोन बाया गेल्या, एक म्हणतो तीन, एकाकडे एकच. एकाला देवदूत एक दिसला, एकाला दोन. आता तूच सांग, तुझ्या कोर्टात हे टिकेल?

ओट्यावर सगळे सावंतकडे बघायला लागले. टीचरसुद्धा, कारण हा प्रश्न त्यांनाही तरुणपणी पडला असणार. मला वाटलं, काडी बरोबर लागली.

सावंतने फुगिया खाली ठेवला. म्हणाला, "चौघे अगदी येकच बोलले असते, तर समजायचा, शिकवून आणलेले आसत. तीस वर्षां बघितलंय मी. खरे साक्षीदार असेच बोलतत. कोण म्हणता शर्ट निळो, कोण म्हणता काळो. पण माणूस मेलो काय, ह्यात फरक नाय पडूचो."

टीचरनी वही काढून ते उतरवून घेतलं. पुढच्या रविवारी आमचे फादर प्रवचनात हेच बोलले, ‘एका जाणकाराचं म्हणणं’ म्हणून. मी सावंतला सांगितलं. त्याला आनंद झाला, पण चेहरा पडला.

"नाव नाय घेतला?" त्याने विचारलं. "मग माझी साक्ष झाली काय, नुसतो पुकारो झालो."

*

जानेवारीत बस्त्याव तयार झाला. म्हणाला, विहिरी मिळाल्या. शुक्रवारी वाचन संपल्यावर टीचरच्या ओट्यावरूनच ग्रेसला व्हिडिओ कॉल लावला. आम्ही सगळे मागे उभे, क्रिकेट बघायला उभे राहतात तसे.

पहिली विहीर रिबेकाची. बस्त्याव म्हणाला, ही मुलगी विहिरीवर घागर घेऊन गेली आणि तिथंच तिचं लग्न ठरलं. आहे की नाही वचनात?

ग्रेसला सगळं तोंडपाठ. म्हणाली, तिने दहा उंटांना पाणी पाजलं होतं, पप्पा. उंट आणा, मी पण पाजते.

दुसरी विहीर मोशेची. ग्रेस म्हणाली, तिथं आधी मारामारी झाली होती, मग लग्न ठरलं. आपल्याला कुठली हवी?

तिसरं काना गावचं लग्न. हा बस्त्यावचा हुकमाचा पत्ता. सहा रांजण पाण्याने भरले, तेही लग्नघरात, तेही खुद्द येशूच्या सांगण्यावरून. ग्रेस म्हणाली, ते पाहुण्यांच्या हातपाय धुण्याचं पाणी होतं, आणि त्याची पुढे वाइन झाली. तुमच्या पाण्याची होणार आहे का? मी मागून ओरडलो, तसं असेल तर घागर मी उचलतो. टीचरनी माझ्याकडे बघितलं आणि मी चहा बघायला निघालो.

पण दारातच थांबलो, कारण बस्त्याव आता घाईला आला होता. हरत चाललेला माणूस पत्ते न बघता टाकतो, तसं त्याने चौथी विहीर टाकली. म्हणाला, आणि ती शोमरोनची बाई? येशू स्वतः तिच्याजवळ विहिरीवर बसून बोलला की नाही?

ग्रेसने भुवया उंचावल्या. म्हणाली, "पप्पा, तिचे पाच नवरे होऊन गेले होते. माझ्या लग्नाला तुम्हाला हीच बाई आठवली?"

ओटा हसून हसून लोळला. सावंतला ठसका लागला. ग्रेस पण हसत होती फोनमध्ये. बस्त्यावने फोन ठेवला, बायबल मिटलं, निळी पेन्सिल कानावरून काढून खिशात टाकली, आणि घरी गेला. मग आमचं हसू हळूहळू बसलं.

*

आता मला ग्रेसचा राग आला. म्हणजे राग म्हणायचं, खरं तर कुतूहल. ही लोकं एवढं वचन-वचन करतात, यांच्या हॉलमध्ये तरी सगळं वचनाप्रमाणे आहे का? खोलून बघायला पाहिजे. एका रविवारी देवळातली सकाळची मिस्सा उरकली आणि न सांगता मुलुंडला गेलो.

हॉल थंडगार. स्टेजवर कीबोर्ड, ड्रम, मागे भला मोठा प्रोजेक्टर, त्यावर गाण्याच्या ओळी. लोक डोळे मिटून, हात वर करून गात होते. मी मागच्या खुर्चीत लपलो. तेवढ्यात स्टेजवरून विचारलं, आज पहिल्यांदा कोण आलंय? शेजारच्या पोराने माझ्याकडे प्रेमाने बघितलं. झालं. उभा राहिलो, टाळ्या घेतल्या, एक पेन मिळालं.

मग ग्रेसने मला बघितलं. ती लांबून येत होती, तोंडावर आश्चर्य. मी तिला बोलूच दिलं नाही. विचारलं, बाय, तो प्रोजेक्टर कुठल्या अध्यायात आहे?

वाटलं, चिडेल. ती म्हणाली, "नाहीये, काका. हा प्रश्न मी पण विचारला होता इथं. अजून कोणी उत्तर दिलेलं नाही."

माझी हवाच गेली. खोलायला गेलो, तर मशीनचं झाकण आधीच उघडं.

निघता निघता एका बाईने विचारलं, अंकल, प्रार्थना करू का काही? मी म्हटलं, गुडघा दुखतो. चेष्टेत म्हटलं हो, म्हणजे दुखतो खरंच, पण सांगितलं चेष्टेत. ती बाई तिथंच फरशीवर बसली, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि प्रार्थना करायला लागली. मी एक डोळा उघडून बघितलं. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. माझी कोण? कोणीच नाही. नाव पण विचारलं नव्हतं तिने.

गुडघा होता तसाच राहिला. पण तिच्यासमोर लंगडायची लाज वाटली. बस स्टॉपपर्यंत सरळ चालत गेलो, दात आवळून.

*

फेब्रुवारीत बस्त्याव आमच्या फादरांकडे गेला. नवे फादर, वयाने ग्रेसपेक्षा थोडेच मोठे. याने थेट विचारलं, उंबराचं पाणी कुठल्या अध्यायात आहे?

फादर म्हणाले, कुठल्याच नाही. पण आपण फक्त पुस्तकावर चालत नाही. पुस्तकाआधी माणसं होती. एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, असं करत श्रद्धा इथपर्यंत आली. आणि आणखी एक. बायबलमध्ये कुठली पुस्तकं घ्यायची, ती यादी बायबलमध्ये कुठंच लिहिलेली नाही. ती चर्चनेच ठरवली.

बस्त्याव जवळजवळ पळतच आला. साठी उलटलेला माणूस, चप्पल हातात. ग्रेसला फोन लावला. म्हणाला, तुझ्या बायबलमध्ये कुठली पुस्तकं असायची, ते तुझ्या बायबलमध्ये कुठं लिहिलंय ते दाखव.

फोनमधून पानं उलटल्याचा आवाज आला. मग ग्रेस म्हणाली, "उद्या सांगते."

त्या दिवशी बस्त्यावची छाती बघायला पाहिजे होती. तीन महिन्यांत पहिल्यांदा मुलीला उद्यावर ढकललं होतं. सावंतने त्याला सांगितलं, बस्त्याव, तारीख पडली म्हणजे केस जिंकली नाय.

दुसऱ्या दिवशी ग्रेसचं उत्तर आलं. व्हॉइस मेसेज, बावीस मिनिटांचा. त्यात प्रेषित, ग्रीक, हिब्रू, कुठल्या शतकात कुठली परिषद, सगळं. आम्ही तिघं ओट्यावर बसून ऐकत होतो. पाचव्या मिनिटाला सावंतला डुलकी लागली, आठव्याला मला.

जागा झालो तर बस्त्याव तोच मेसेज पुन्हा लावून बसला होता. संपल्यावर आणखी एकदा लावला. मी विचारलं, कुठं पकडलंस तिला? सांग की, काय मुद्दा सापडला?

तो म्हणाला, "मुद्दा नाय रे. सर्दी झालीय तिला. ऐक, नाकातून बोलते."

*

यानंतर मी जे केलं ते मी करायला नको होतं. पण मला सवय आहे, आणि शिवाय लग्नाला पाच आठवडे उरले होते. बस्त्यावने कोट शिवायला टाकला नव्हता. मी त्याला दोनदा टेलरकडे नेलं, दोनदा तो दारातून परत फिरला.

टीचरनी एका शुक्रवारी सांगितलं, की आमच्या बायबलमध्ये सात पुस्तकं जास्त आहेत. ग्रेसच्या हॉलवाल्यांच्या बायबलमध्ये ती नाहीत. त्यातलं एक तोबीतचं. त्यात एक लग्न आहे, लांबचा प्रवास आहे, मासा आहे, आणि चक्क एक कुत्रा पण आहे. अख्ख्या बायबलमध्ये मालकाबरोबर चालणारा मला सापडलेला तो एकच कुत्रा. मला ते पुस्तक लगेच आवडलं. वाचलं मात्र नाही.

पण डोक्यात किडा वळवळला. ग्रेसकडे जे पुस्तकच नाही, त्यातलं वचन ती खोडणार कशी?

शनिवारी सकाळी चिठ्ठी लिहिली. आमच्या मिस्सेत वाचतात तशा भाषेत, जड-जड शब्दांत. की विवाहाच्या आदल्या दिवशी वधूच्या पित्याने विहिरीवर जावे, जल आणावे, व तेणेकरून कन्येस स्नान घालावे. खाली लिहिलं, तोबीत, अध्याय पंधरा. वचनाचा नंबर मुद्दाम पुसट केला.

बस्त्यावला दिली. म्हटलं, कॉन्व्हेंटमधल्या एका ओळखीच्या सिस्टरनी शोधून दिलंय. त्याने दोनदा वाचलं. माझ्याकडे बघितलं. चिठ्ठी घडी करून खिशात टाकली, बायकोचा फोटो होता त्याच खिशात, आणि घरी गेला. दोन दिवस दार लावून बसला होता. मला वाटलं, पाठ करतोय.

तिसऱ्या दिवशी म्हणाला, चल मुलुंडला. फोनवर नको, समोर बोलतो.

गेलो. ग्रेसच्या बिल्डिंगखाली आल्यावर मला म्हणाला, तू खालीच थांब. मी म्हटलं, अरे वाद आहे, साक्षीदार पाहिजे. तर म्हणतो, नको. म्हणून मी समोरच्या टपरीवर दोन कटिंग घेतले, दोन्ही मीच प्यायलो आणि वर बघत राहिलो. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत काहीच दिसेना. एरवी या दोघांचा आवाज गेटपर्यंत यायला पाहिजे होता. मला काळजी वाटायला लागली, की म्हातारा वर जाऊन पडला-बिडला तर नाही?

अर्ध्या तासाने बस्त्याव खाली आला. डोळे लाल, तोंडभर हसू.

"हो म्हणाली," एवढंच बोलला.

मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. नोव्हेंबरपासून टीचर, फादर, सावंत, अख्खं बायबल, यांना जे जमलं नाही ते माझ्या एका चिठ्ठीने केलं. परतीच्या वाटेत त्याला किती खोदून विचारलं, वर काय झालं, वचन वाचल्यावर तिचं तोंड कसं झालं? घाटकोपर आल्यावर तो म्हणाला, उद्या टेलरकडे जाऊ.

*

लग्नाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बँड आला. विहिरीवर आता लोखंडी जाळी आहे. सावंतने ती कुलपाच्या किल्लीसह सांभाळायचं काम दुपारपासून घेतलं होतं आणि कोणाला जवळ फिरकू देत नव्हता. टीचरनी मेणबत्ती लावली. मुलुंडच्या हॉलमधली दहा-बारा मंडळी आली होती. ती जरा लांब उभी राहिली, पण त्यातली ती गुडघेवाली बाई बँडच्या तालावर पाय आपटत होती, मी बघितलं.

बस्त्यावने नव्या कोटात घागर भरली. दोघं मदतीला धावले, त्यांना त्याने हाताने बाजूला केलं. घागर खांद्यावर घेतली. निम्मं पाणी कोटावर सांडलं. विहीर ते घर सरळ दोन मिनिटांची वाट, पण त्याने अख्ख्या गावठाणातून फिरवली वरात. बस चालवायचा तशीच, प्रत्येक कोपऱ्यावर थांबत.

ग्रेस दारात उभी होती, साध्या कॉटनच्या साडीत. त्याने घागर खाली ठेवली. तिने वाकून त्याचा ओला कोट स्वतःच्या पदराने पुसला. बँडवाल्यांना कळेना वाजवायचं की थांबायचं.

मग पंगत बसली. ग्रेस मला वाढायला आली, आणि माझ्या पोटात काही राहीना. एवढं मोठं काम केलं आणि कोणाला ठाऊक नाही, हे मला कधी जमलेलं नाही. शिवाय ही मुलगी पाच महिने वचन-वचन करत होती, आणि शेवटी फसली कशाला, तर सातवी नापास फिटरच्या चिठ्ठीला. हे तिला सांगायला नको?

मी तिला जवळ बोलावलं. म्हटलं, बाय, उद्या तुझं लग्न, आता रागावू नकोस. ते तोबीतचं वचन तुझ्या पप्पांनी दाखवलं ना तुला? ते खोटं आहे. ते मी लिहिलंय.

ग्रेसने भाताचा डाव पातेल्यात ठेवला.

"तोबीतमध्ये चौदाच अध्याय आहेत, काका. पप्पांनी अख्खं पुस्तक दोनदा वाचलं. दारात आले तेव्हा पहिलं तेच बोलले, ‘ग्रेस, सगळं शोधलं, वचन कुठंच नाही. तरी पाणी आणू का?’"

तिने माझ्या पानात भात वाढला.

"वचन घेऊन आले असते ना, तर मी त्यांना दारातच हरवलं असतं."